भाई गणपतराव देशमुख यांचा गौरव कसा करावा?

सांगोल्याकडील एका वाचकाचें कार्ड आमच्यापुढें पडलें आहे. अक्षर जाड, शब्द मोजके, पण म्हणणें सरळ. तुम्ही दर आठवड्यास आमदार-मंत्र्यांच्या पाठीवर कोरडे ओढतां तें ठीक. पण ज्यानें पन्नास वर्षें आमच्या माळरानाचें गाऱ्हाणें मुंबईस मांडलें, त्या आबासाहेबांविषयीं चार बरे शब्द लिहिण्यास तुमची लेखणी कां अडते? २०२६ सालीं त्यांच्या जन्मास शंभर वर्षें होतात, निदान त्या निमित्तानें तरी लिहा, असा त्या कार्डाचा मतलब आहे.

आरोप अगदींच खोटा नाहीं. मानपत्रें, हारतुरे आणि चौकाचौकांत हात जोडून उभे असलेले फलक पाहून पाहून गौरवाच्या नांवानें आमची लेखणी थबकते खरी. आमदाराच्या वाढदिवसास गांवांत जितके फलक लागतात तितके नळ लागले असते, तर आयाबहिणींच्या डोक्यावरील घागर केव्हांच खालीं उतरली असती. पण चोर आणि राखणदार या दोघांनाहि एकाच काठीनें हाकणें हा कांहीं न्याय नव्हे. ३० जुलै २०२१ रोजीं सोलापुरांत भाई गणपतराव देशमुख वारले, तेव्हां सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांनीं त्यांस वंदन केलें. पुढाऱ्यांचें वंदन स्वस्त असतें. त्यांत त्यांचें कांहीं जात नाहीं. आम्हांस येथें पाहावयाचें तें असें कीं, एवढ्या वर्षांच्या आमदारकींतून कुणब्याच्या, धनगराच्या, कारागिराच्या पदरीं काय पडलें आणि काय पडावयाचें राहिलें. गौरव करावयाचा तर तो हिशेबाची वही उघडून करावा.

गणपतरावांचा जन्म मोहोळ तालुक्यांतील पेनूर गांवचा. जातीनें धनगर. कायद्याची पदवी घेऊन ते सांगोल्यास वकिली करूं लागले. आमच्या वाडवडिलांस वकील म्हणजे काय चीज आहे तें पुरतें ठाऊक होतें. एक वकील सावकाराचा, दुसरा सरकारचा; दोघांच्या मधोमध कुणबी उभा, आणि निकाल कोणताहि लागो, खर्च कुणब्याच्याच डोक्यावर. कुळाच्या बाजूनें बसून कागद वाचून दाखवील आणि येथें अंगठा उठवूं नको म्हणून सांगेल, असा तिसरा वकील गरिबाला क्वचितच भेटतो. सांगोल्याच्या लोकांनीं आपल्या वकिलास १९६२ सालीं उचलून थेट विधानसभेंत नेऊन बसविलें.

तो पक्ष शेतकरी कामगार पक्ष. केशवराव जेधे, शंकरराव मोरे प्रभृति मंडळींनीं १९४७-४८ सालीं काँग्रेसच्या घरांतून बाहेर पडून तो उभा केला. सत्यशोधकांच्या जलशांनीं ज्यांचे कान तयार झाले होते त्याच घरांतील पोरें या लाल बावट्याखालीं आलीं. पुढें पक्ष काढणारे खुद्द जेधे आणि मोरेच काँग्रेसकडे परतले. पक्ष मात्र रानांत राहिला आणि रानांतल्या माणसांनीं तो सांभाळला. १९६२ सालीं २६४ जागांच्या विधानसभेंत त्याचे १५ सभासद होते. २०१४ सालीं, २८८ जागांच्या सभागृहांत, अवघे ३. या दोन आंकड्यांच्या मधली बावन्न वर्षें गणपतराव एकाच बावट्याखालीं उभे होते. गोठ्यांतली वैरण सरली म्हणजे दावें तोडून शेजारच्या गोठ्यांत तोंड घालणारीं जनावरें आपण पुष्कळ पाहिलीं. हल्लीं तर दावें तोडण्याचीहि तसदी पडत नाहीं, मालकच रातोरात बदलतो आणि जनावरास सकाळीं कळतें. अशा बाजारांत एक माणूस अकरा वेळां त्याच पक्षाकडून निवडून येतो, याचें श्रेय एकट्या त्या माणसाचें नव्हे. मत देणाऱ्या धनगराचें, मराठ्याचें, माळ्याचें, महार-मांगाचेंहि तें आहे. नुसत्या एका जातीच्या मतांवर कोणी अकरा वेळां निवडून येत नाहीं.

अकरा वेळां म्हणतांना मधल्या दोन हारी विसरूं नयेत. १९७२ सालीं ते पडले; १९७४ च्या पोटनिवडणुकींत परत आले. १९९५ सालीं पुन्हां पडले, तेंहि १९२ मतांनीं. १९२ मतें म्हणजे एखाद्या वस्तीवरचीं मतें. एवढ्याशा फरकानें हरलेला पुढारी एरवीं काय करतो? कोर्टाची पायरी चढतो, नाहींतर मुंबईस जाऊन मागच्या दारानें महामंडळ मिळवितो. गणपतराव तालुक्यांतच राहिले, १९९९ सालीं निवडून आले, आणि त्यानंतर २००४, २००९, २०१४ अशीं तिन्ही वेळां आले. शेवटच्या खेपेस त्यांचें वय अठ्ठ्याऐंशीं वर्षांचें होतें. निवडणुकीचा खर्च लोकवर्गणींतून निघे अशी त्यांची ख्याति आहे. एस. टी. च्या गाडींत एका बाकावर "आमदार" असें लिहिलेलें असतें. त्या बाकावर बहुधा बाजारास निघालेली म्हातारी कोंबड्यांची पाटी घेऊन बसते, कारण आमदार कधीं फिरकत नाहीं. सांगोल्याच्या लोकांनीं त्या बाकावर खरोखरीचा आमदार बसलेला पाहिला.

परंतु साधेपणाचें कौतुक आम्हांस एका मर्यादेपलीकडे करवत नाहीं. साधे तर आमच्या गांवचे पुष्कळ म्हातारे आहेत. शहरची वर्तमानपत्रें गणपतरावांविषयीं लिहितांना एस. टी. आणि जुनें धोतर-सदरा येथवर येतात आणि थांबतात, जणूं गरीब राहणें हेंच त्यांचें काम होतें. त्यांचें काम तें नव्हतें. त्यांचें काम सभागृहांत होतें.

कुणब्याच्या घरीं आमदाराची गांठ पडते ती लग्नाच्या मांडवांत किंवा मयताच्या ओट्यावर. त्यामुळें जो अधिक मांडव फिरतो तो चांगला आमदार, असा एक खुळा समज आपल्यांत पसरला आहे. आमदाराचें खरें शेत म्हणजे सभागृह. तेथें तो काय पेरतो हें पाहावयास गांवचा माणूस जाऊं शकत नाहीं, म्हणून थोडें सांगतों. आमदारास प्रश्न विचारतां येतो. ज्या प्रश्नास तारा लावलेला असतो त्याचें उत्तर मंत्र्यास उभें राहून तोंडानें द्यावें लागतें, आणि त्या उत्तरावर उलट प्रश्न करतां येतात. तातडीची गोष्ट असेल तर लक्षवेधी सूचना. अर्थसंकल्पाच्या वेळीं खात्याच्या मागणीवर कपात सूचना. कापावयाची रक्कम नांवापुरती, पण तिच्या निमित्तानें त्या खात्याच्या सगळ्या कारभाराचे वाभाडे काढतां येतात. हीं हत्यारें विरोधी बाकावरच्या एकट्या-दुकट्या माणसाच्याहि हातीं असतात. मात्र तीं चालविण्यास अभ्यास लागतो, आणि सभागृहांत बसावें लागतें. गणपतराव बसत. अहवाल वाचून येत, आंकडे घेऊन उठत, आणि ओरडल्यावांचून बोलत. काही काळ ते विरोधी पक्षनेतेहि होते. १९७८ सालीं शरद पवारांच्या आणि १९९९ सालीं विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळांत मंत्रीहि झाले. पण लोकांच्या तोंडीं त्यांचें मंत्रिपण राहिलें नाहीं, आमदारपणच राहिलें. आमच्या मतें हीच त्यांची मोठी पदवी.

आतां नुसतें सभागृह पुरतें काय? या प्रश्नाचें उत्तर आपल्या चळवळीनें फार पूर्वीं शिकून ठेविलें आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांस मोकळ्या असाव्या, असा तो ठराव. बोले भंडारी समाजाचे, ब्राह्मणेतर पक्षाचे. ठराव झाला, महाडच्या नगरपालिकेनें तो मान्यहि केला. पण तळ्याचें पाणी कांहीं ओंजळींत आलें नाहीं. त्यासाठीं २० मार्च १९२७ रोजीं बाबासाहेब आंबेडकरांस हजारों माणसें घेऊन चवदार तळ्यावर चालत जावें लागलें. ठराव नसता तर त्या चालण्यास कायद्याचा आधार नसता. चालणें नसतें तर ठराव कपाटांत राहता. कौन्सिलांतला माणूस आणि रस्त्यावरचीं माणसें, दोन्ही बैल जुंपले तरच मोट वर येते.

गणपतरावांच्या आयुष्यांत ही गोष्ट दोन ठिकाणीं दिसते: एक रोजगार हमींत आणि दुसरी पाण्यांत.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनीं पाहिला ते लोक आतां थोडे उरले. त्या सालीं गणपतराव आमदार नव्हते. सांगोला, आटपाडी, जत, माण, खटाव या पट्ट्यांत त्या वर्षीं चांगल्या खात्यापित्या घरच्या बायका खडी फोडावयास बसल्या होत्या. खडी फोडतांना जातपात राहिली नाहीं, असें म्हाताऱ्या बाया सांगतात. भुकेनें केलेला तो समतेचा प्रयोग कोणास आवडण्यासारखा नव्हता. पण त्या खडीच्या ढिगांतूनच एक कायदा निघाला. वि. स. पागे यांनीं १९६५ सालीं तासगांव तालुक्यांतील विसापूरला लहानसा प्रयोग केला होता. दुष्काळानें तो राज्यभर पसरविला. १९७७ सालीं कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यावयाचें, नाहींतर भत्ता द्यावयाचा. पैसा कोठून? शहरांतील पगारदार आणि धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसविला, आणि तितकीच भर सरकारनें घातली. शहरानें खेड्यास हातभार लावावयाचा, आणि खेड्यानें तो भीक म्हणून न घेतां हक्क म्हणून घ्यावयाचा, ही कल्पनाच नवी होती. पुढें २००५ सालीं दिल्लीनें देशासाठीं कायदा केला तेव्हां महाराष्ट्राचा हा अनुभव पुढें होता.

कायदा एकट्या गणपतरावांनीं केला असें म्हणणें खोटें होईल, आणि त्यांनाहि तें आवडलें नसतें. पण कायदा होणें निराळें आणि मस्टरवर नांव चढणें निराळें. मजुरी कमी निघते, मापें चुकीचीं घेतात, काम चार कोसांवर देतात, पैसे महिना महिना अडकतात, हें दुष्काळी तालुक्यांच्या आमदारांनीं सभागृहांत आणि मजुरांनीं तहसील कचेरीवर सारखें लावून धरलें, म्हणून ती हमी कांहीं काळ तरी हमी राहिली. त्या आमदारांत गणपतराव पुढें होते. १९९० सालीं हमीला फळबागांची जोड मिळाली: आपल्याच रानांत खड्डे घ्यावयाचे, रोपें लावावयाचीं आणि त्या कामाची मजुरी सरकारनें द्यावयाची. ज्या माळावर मटकी आणि बाजरी धड येत नव्हती तेथें बोर आणि डाळिंब उभें राहिलें. सांगोल्याचें डाळिंब मुंबई-दिल्लीच्याच नव्हे तर परदेशच्याहि बाजारांत गेलें. २०१६ सालीं सोलापूरच्या डाळिंबास भौगोलिक निशाणी मिळाली. खडी फोडणाऱ्या आईच्या लेकानें डाळिंबाच्या पैशावर घर बांधलें, असें म्हणणारीं माणसें त्या तालुक्यांत गांवोगांव भेटतील. हा हिशेबाच्या वहींतला जमेचा मोठा आंकडा.

पण फळबागेची दुसरी बाजू आम्हीं झांकून ठेवूं नये. तेल्यानें बागा काळ्या पडल्या, मर रोगानें वाळल्या, आणि पुढें खोडांत भोंकें पाडणारा बारीक भुंगेरा आला. फवारणीचा खर्च असा वाढला कीं दुकानदाराच्या वहींत बाग केव्हांच त्याची झालेली असते, शेतकरी नुसता राखणीला असतो. कित्येकांनीं कुऱ्हाड घातली. आबासाहेबांच्या नांवानें कांहीं करावयाचें असेल तर पुतळ्याआधीं प्रत्येक मोठ्या गांवीं रोगराईची पारख करणारा एक जाणता मनुष्य आणि खात्रीचीं रोपें, एवढें करावें. सोलापुरास २००५ पासून डाळिंबाचें राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. तेथलें ज्ञान सांगोल्याच्या बांधावर येण्यास इतकीं वर्षें कां लागावीं?

आतां पाणी. सांगोला हा माण नदीच्या खोऱ्यांतला तालुका. पाऊस सरासरीनें पांचशें मिलिमीटरांच्या घरांत, आणि सरासरी ही कारकुनांची सोय आहे. एका वर्षीं पडतो, दोन वर्षें हुलकावणी देतो. तालुक्यांत एका नदीचें नांवच कोरडा. ज्या लोकांनीं हें नांव ठेवलें ते सरकारी अहवाल लिहिणारांहून अधिक खरे बोलत. या लोकांनीं पाणी नाहीं म्हणून खिलार बैल आणि मेंढ्या धरल्या. बैल लांब चालतो आणि मेंढी कमी खाते. पण पोट भरेना तेव्हां मेंढपाळ पावसाळ्यानंतर कोकणाकडे, बाकीचे ऊसतोडीस.

इकडे शंभर कोसांच्या आंतच कृष्णा वाहत होती. बच्छावत लवादानें १९७६ सालीं कृष्णेच्या पाण्यांतून महाराष्ट्राच्या वाट्यास ५६० टी. एम. सी. दिलें आणि तें २००० सालापूर्वीं अडवून वापरा म्हणून सांगितलें. वाटा मिळाला, घोडें पैशापाशीं अडलें. नदीकांठीं ऊस डोलत होता. त्यास पाणी कमी नव्हतें, म्हणून त्यांच्या पुढाऱ्यांस घाई नव्हती. तेव्हां १९९३ सालीं आटपाडींत तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरली. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि गणपतराव देशमुख यांच्यासारखीं माणसें तीत होतीं. मागणी एकच: कृष्णेचें पाणी उचलून दुष्काळी भागास द्या, आणि देतांना समान न्यायानें द्या, जमिनीच्या एकरावर नव्हे, माणसांच्या पोटावर वाटा. वर्षामागून वर्षें परिषदा भरल्या, बायाबापड्या भाकरी बांधून येत राहिल्या. त्यांचा रेटा बाहेर आणि गणपतरावांसारख्यांचा तगादा आंत, अशा दुहेरी दाबाखालीं १९९६ सालीं कृष्णा खोरे महामंडळ झालें आणि टेंभूसारख्या उपसा योजनांस हात लागला. टेंभू हें कऱ्हाडजवळचें गांव, गोपाळ गणेश आगरकरांचें जन्मगांव. आगरकरांशीं आमच्या वडिलांचें सगळ्या बाबतींत पटलें नसतें. पण त्यांच्या गांवचें पाणी डोंगर चढून धनगराच्या वस्तीकडे निघालें, ही गोष्ट त्यांसहि आवडली असती.

तें पाणी आलें. मात्र सारखें आलें नाहीं. उपसा योजना म्हणजे विजेवर चालणारी नदी. बिल थकलें कीं नदी बंद. पुढें विजेच्या बिलाचा ८१ टक्के भाग सरकारनें आणि १९ टक्के पाणी घेणारांनीं भरावा असें ठरलें, तेव्हां थोडी वाट मोकळी झाली. पण कालव्याच्या तोंडाशीं असलेला पाइप टाकून रात्रंदिवस ओढतो, आणि शेवटच्या टोकाचा माणूस कोरड्या चारींत उभा राहून वरच्याला शिव्या देतो. शिव्या देणारा आणि पाणी ओढणारा बहुधा एकाच जातीचे, कधीं कधीं एकाच भावकीचे असतात. शेटजी-भटजींनीं लुटलें तें लुटलें. हें मात्र आपलें आपणच चाललें आहे. समान वाटपाची जी गोष्ट परिषदेच्या मांडवांत सर्वांनीं हात वर करून मान्य केली ती चारीवर आल्यावर कोणास आठवत नाहीं. गणपतरावांच्या वहींतली ही सर्वांत मोठी येणें रक्कम, आणि ती सरकारकडून जितकी येणें आहे तितकीच आपल्याकडूनहि.

सूतगिरणीविषयीं थोडक्यांत सांगतों. ज्या तालुक्यांत कापूस नांवापुरता, तेथें सहकारी सूतगिरणी काढणें हें पुष्कळांस वेडेपण वाटलें. पण गिरणी कापसासाठीं नव्हती, हातांसाठीं होती. शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली, आणि पुढें स्त्रियांची निराळी. महाराष्ट्रांत सहकाराच्या नांवानें काढलेल्या कित्येक सूतगिरण्यांच्या आवारांत गवत माजलें, यंत्रें भंगारांत गेलीं आणि भागभांडवल कोणाच्या पोटांत गेलें तें कोणी विचारलें नाहीं. त्या मानानें सांगोल्याच्या गिरणीचें नांव चांगलें राहिलें. तरी एक गोष्ट आमच्या मनांत सलते. सुताला गिरणी मिळाली, लोकरीला कांहींच मिळालें नाहीं. मेंढीची लोकर कातरणावळीसहि महाग पडेनाशी झाली, पुष्कळ ठिकाणीं ती फेंकून देतात. घोंगडी विणणारा सनगर आपल्या पोरास माग शिकवीत नाहीं. धनगरांचा आमदार पन्नास वर्षें होता आणि धनगराच्या पाठीवरची लोकर तशीच राहिली, असें कोणी म्हणाला तर त्यास आमच्याजवळ चोख उत्तर नाहीं.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे, पण बोललीच पाहिजे. २०१९ सालीं गणपतराव वयामुळें उभे राहिले नाहींत. त्यांच्या जागीं त्यांचा एक नातू उभा राहिला. ७६८ मतांनीं पडला. २०२४ सालीं दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख उभे राहिले आणि निवडून आले. साऱ्या महाराष्ट्रांत शेतकरी कामगार पक्षाची त्या वर्षीं निवडून आलेली ती एकच जागा. नव्या आमदारांशीं आमचें भांडण नाहीं. लोकांनीं त्यांस मतें दिलीं आहेत, त्यांनीं काम करून दाखवावें. पण ज्या चळवळीनें कुलकर्ण्याच्या आणि जोशाच्या वतनावर घाव घातला, बापाचा अधिकार बेट्याला कां, असा प्रश्न ज्या चळवळीनें गांवच्या चावडींत पहिल्यानें विचारला, तिच्या वारसांनीं आमदारकीचें वतन होऊं द्यावें काय? जे पक्ष घराण्यांवरच उभे आहेत त्यांस हा प्रश्न विचारण्यांत अर्थ नाहीं. शेतकरी कामगार पक्षास विचारतों, कारण त्यास तो समजेल. पन्नास वर्षांत तालुक्यांतल्या एखाद्या सुताराच्या, रामोशाच्या, मांगाच्या, किंवा डाळिंब तोडणाऱ्या बाईच्या घरांतून दुसरा गणपतराव कां तयार झाला नाहीं? तयार झाला असेल आणि मागच्या रांगेंत सतरंज्या उचलीत असेल, तर तें अधिकच वाईट.

आतां त्या कार्डवाल्या बांधवाकडे वळतों. बाबा, तुझ्या आबासाहेबांविषयीं आम्हीं लिहिलें तें तुला पुरेसें गोड वाटणार नाहीं. पण जो माणूस प्रत्येक अधिवेशनास आंकडे घेऊन जात होता, त्यास पोकळ स्तुति वाहणें बरें दिसलें नसतें. तेव्हां शंभराव्या वर्षाच्या निमित्तानें आम्ही इतकेंच करूं इच्छितों. सांगोला, आटपाडी, जत, मंगळवेढें, माण, खटाव या तालुक्यांतील वाचकांनीं एक एक कार्ड लिहून पाठवावें. कार्डावर गांवाचें नांव. पाणी कोणत्या योजनेचें आणि कोणत्या चारीचें. शेवटचें पाणी कोणत्या महिन्यांत सुटलें, किती दिवस चाललें. आणि शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यास मिळालें कीं नाहीं. लिहितां येत नसेल त्यानें शाळेंत जाणाऱ्या पोरीकडून लिहवून घ्यावें. लिहिणाऱ्याचें नांव आम्ही छापणार नाहीं, गांवाचें छापूं. आलेलीं कार्डें जशींच्या तशीं या पानावर येतील, आणि त्यांची एक प्रत सांगोल्याहून २०२४ सालीं निवडून गेलेल्या आमदारांकडे टपालानें जाईल, म्हणजे तारा लावलेला प्रश्न विचारण्यास त्यांस आंकड्यांची वाण पडणार नाहीं.